मोठ्या बाई आणि आडवी बाटली

आमच्या मोठ्या बाईंनी चहात आलं घालायचं की नाही यावर मतदान घेतलं, तेव्हा मला शाळेत लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पाचजण. मुख्याध्यापिका या नात्याने बाई टेबलाशी उभ्या. "आल्याच्या बाजूने हात वर," त्या म्हणाल्या. तीन हात वर गेले. मी आपला करावा की न करावा या विचारात होते, तेवढ्यात "विरुद्ध?" असं म्हणून त्यांनी स्वतःचाच हात वर केला. त्यांना आल्याचा वाससुद्धा खपत नसे. तीन विरुद्ध एक, आणि मी कुठेच नाही.

"नव्या बाईंना मत नाहीये असं दिसतंय," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "नसू दे. पण मग उद्यापासून चहाबद्दल अक्षर काढायचं नाही."

त्या दिवसापासून बाई आल्याचा चहा प्यायल्या, एरंडेल प्यावं तसं तोंड करून, पण प्यायल्या. आमच्या शाळेच्या शिपाई शेवंतामावशी. त्यांनी एकदा कीव येऊन बाईंसाठी बिनआल्याचा कप वेगळा केला, तर तो परत आला. "मी हरले आहे शेवंता," बाई म्हणाल्या, "हरलेल्याला वेगळा चहा नसतो."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मुख्याध्यापिका आहे की निवडणूक अधिकारी?" 

शाळा पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पलीकडे होती. गावाचं नाव सांगत नाही; तिथली माणसं अजून आहेत, आणि माझी धाकटी बहीणही आता तिथल्याच एका टॉवरमध्ये राहते. तेव्हा टॉवर नव्हते. ऊस होता, कालवा होता, आणि शाळेच्या मागच्या खिडक्यांपासून थेट शेवंतामावशींचं शेत होतं. गाव महापालिकेत जायचं घाटत होतं, त्यामुळे पांढऱ्या गाड्या आणि पांढरे बूट घातलेले लोक बांधाबांधाने फिरायला लागले होते.

मी शनिवार पेठेतून दोन बस बदलून जायची. बाईही मूळच्या शनिवार पेठेतल्याच. पण नोकरी लागली तशी त्यांनी गावात दोन खोल्या घेतल्या आणि मतदारयादीत नावही तिकडे नेलं. "जिथलं मीठ खायचं तिथेच मत द्यायचं," म्हणायच्या. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल एका पालकाने चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "ठराव आला होता. बहुमत मिळालं नाही." घरात त्या एकट्याच होत्या, हे त्या पालकाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

बोलणं पेठेतलंच, कात्रीने कापल्यासारखं. एका बापाने विचारलं, "बाई, पोरगं पास होईल का?" तर म्हणाल्या, "पोरगं होईल. तुमचं सांगता येत नाही." गावाला या बोलण्याची सवय झाली होती. किंबहुना बाईंनी एखाद्याला नीट गोड शब्दांत उत्तर दिलं, तर तो माणूस घरी जाऊन काळजी करत बसे.

फळ्यावर त्यांचा राग होता. फळा हा आळशी माणसाने काढलेला शोध आहे, असं त्यांचं मत. जे शिकवायचं ते वर्गात आलं पाहिजे. कोंबडी शिकवायची तर कोंबडी. मैल शिकवायचा तर मुलांना घेऊन कालव्याच्या कडेने मैलभर चालायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी भिंतीला टेकून उभं केलं आणि त्यांच्या अंगावरून सेंटिमीटर शिकवले. साहेब घामाघूम झाले, पण शेरा उत्तम देऊन गेले. मुलांना जन्मभर सेंटिमीटर विसरता येणार नाहीत. मलाही नाही.

आणि सतत मतदान. आज मैदानात बसायचं की वर्गात? कविता आधी की गणित आधी? मुलं हात वर करत, बाई मोजत, आणि मग "कौल म्हणजे कौल" असं म्हणून त्याप्रमाणे वागत. मला सुरुवातीला फार कौतुक वाटायचं. सहलीच्या प्रकरणापर्यंत.

तिसरीच्या वर्गाची सहल शनिवारवाड्याला आणि पर्वतीला जायची होती. वर्गात छबू नावाची एक पोर होती, तिला गाडी लागायची. आदल्या वर्षी तिने अर्ध्या गाडीच्या अंगावर उलटी केली होती. कुणीतरी उठून म्हणालं, छबू नको. बाईंनी विचारलं, "मत घ्यायचं का?" वर्ग एका सुरात हो म्हणाला. हात वर झाले. छबूच्या बाजूने तिचा स्वतःचा आणि तिच्या शेजारणीचा, एवढेच.

मला वाटलं आता बाई सगळ्यांना फैलावर घेतील, लाज वाटते का म्हणून विचारतील. त्या म्हणाल्या, "कौल म्हणजे कौल. छबू येणार नाही." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही न्या यांना. मी थांबते तिच्याजवळ."

मला धक्का बसला. आठ वर्षांची पोर! मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, "अहो बाई, तुम्ही मुख्याध्यापिका आहात. ते मतदान रद्द करा."

"रद्द केलं तर मग ते मतदान नव्हतं. माझी परवानगी होती."

"मग मुळात विचारायलाच नको होतं!"

"हे खरं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "विचारायला नको होतं. ती माझी चूक. पण एकदा विचारलं की ऐकावं लागतं. आवडेल तेच ऐकायचं असेल तर माणसाने आरशाला विचारावं."

सहल झाली. मुलांनी धमाल केली, छबूची कुणाला आठवणही झाली नाही. ते मला आणखीनच लागलं. परत आलो तेव्हा बाई आणि छबू मैदानात भुईमुगाच्या शेंगा भाजून खात होत्या आणि छबू खुशीत होती. पण माणसांबद्दल मतं घ्यायची बाईंनी त्यानंतर बंद केली. बाकी सगळ्याबद्दल चालूच राहिली.

हे एवढं सांगितलं, कारण याशिवाय दारूच्या दुकानाचं प्रकरण कळणार नाही.

गावाच्या चौकात देशी दारूचं दुकान होतं, परवान्याचं. मागे पत्र्याची शेड, चार टेबलं. तिथे बाटल्यांपेक्षा सातबारे जास्त फिरायचे. जमिनीचे दलाल संध्याकाळी येऊन बसत. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला बोलवत, पाजत, आणि तिसऱ्या-चौथ्या ग्लासानंतर कागद पुढे सरकवत. गावातली दोन-तीन घरं अशीच मोकळी झाली होती.

शेवंतामावशींचा नवरा लवकर गेला होता. सासऱ्याने मरताना शेत नातवाच्या, म्हणजे मावशींच्या मुलाच्या नावावर केलं होतं. या मुलाला दादा म्हणत. मुलगा वाईट नव्हता, पण भोळा होता, आणि कुणी पाठीवर हात ठेवून "चल रे पाटला" म्हटलं की तो चालायला लागायचा. त्या शेडमध्ये त्याला रोज कुणी ना कुणी पाटील म्हणत होतं. मावशी एक दिवस बाईंच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, आज न्हाय तर उद्या त्यो सही करनार. म्या काय करू? त्याला खुंट्याला बांदू?"

"त्याला नको," बाई म्हणाल्या. "दुकानाला बांधू."

महाराष्ट्रात बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करता येतं. कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला म्हणजे दुकान बंद. पण अट अशी की मतदारयादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा. जी बाई मतदानाला आलीच नाही ती उभीच्या खात्यात गेल्यासारखी. बाईंनी सह्या गोळा केल्या, अर्ज केला, हेलपाटे घातले आणि मतदानाची तारीख मिळवली. गाव उभं दुभंगलं. दुकानवाल्याचे भाऊबंद एकीकडे, पोरीबाळी असलेल्या बायका एकीकडे. सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. हळदीकुंकवाला जायचं तर आधी चौकशी व्हायची, तिथे आडव्या आहेत की उभ्या?

मतदान कसं करायचं ते शिकवायला बाईंनी रोज संध्याकाळी शाळेत वर्ग घेतला. आता बाईच त्या. चित्र कशाला दाखवतील? त्यांनी पेठेतल्या कुठल्याशा भंगारवाल्याकडून एक रिकामी बाटली पैदा केली आणि कापडी पिशवीत घालून बसने आणली. गाडीतळाजवळ ती पिशवीतून निसटून गडगडत ड्रायव्हरपर्यंत गेली. सगळी बस वळून बघायला लागली. बाईंनी कंडक्टरकडून ती परत घेतली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "शाळेची आहे."

वर्गात त्या बाटली टेबलावर उभी करत. "ही काय आहे?" बायका म्हणत, "उभी." मग तिला हलकेच आडवी करत. "आता?" "निजली!" हशा व्हायचा. म्हाताऱ्या धोंडाबाईंना तर इतकी मजा यायची की त्या रोज पुढे येऊन बाटलीला स्वतःच्या हाताने निजवायच्या. आणि बाई रोज एकच वाक्य सांगायच्या, "कागदाला घाबरू नका. कागदाकडे बघूच नका. बाटली बघा. निजलेली दिसेल तिच्यावर शिक्का."

हे वाक्य मी रोज ऐकत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी गाव लोटलं. नऊवारीतल्या म्हाताऱ्यांना पोरांनी सायकलवर बसवून आणलं. संध्याकाळी शाळेतच मोजणी झाली आणि मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी निकाल वाचला. आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, थांबा. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याला ती थोडक्यात कमी पडली होती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. दुकान चालू राहणार.

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. बाहेर दुकानवाल्याच्या माणसांनी फटाक्याची माळ लावली.

मग सुरू झाली शोधाशोध. कोण फुटलं? कुणीतरी धोंडाबाईंकडे बोट दाखवलं, त्यांची सून दुकानवाल्याच्या नात्यातली होती. म्हातारी भडकली. "म्या फुटले? माज्या तोंडावर सांगती? ह्या बोटानं म्या निजलेल्या बाटलीवर शिक्का मारलाय!" असं म्हणत तिने भिंतीवर चिकटवलेला नमुन्याचा कागद फाडून हातात घेतला. "आसा दिला मला सायबानं, आसा म्या धरला, आन् ह्या हितं मारला!"

मी तिच्या शेजारी उभी होते. तिने कागद आडवा धरला होता. तिच्या बोटाखाली निजलेली दिसत होती ती उभी बाटली होती.

मग मागून एकजण हळूच म्हणाली, "मला बी आडवाच दिला व्हता." आणखी एक म्हणाली, "म्या बी तसाच धरला." अशा एकेक करून सात-आठ जणी निघाल्या. सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्या बिनशिकलेल्या, सगळ्या बाईंच्या वर्गातल्या पहिल्या रांगेतल्या. त्यांनी कागदाकडे बघितलंच नव्हतं. बाटली बघितली होती.

मी बाईंकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी नाही. त्या वेळी पाहिलं. फळा नको म्हणणाऱ्या बाईंना त्या दिवशी एक साधा फळा पुरला असता. कागद कसा धरायचा तेवढं काढून दाखवायचं होतं.

शेवंतामावशी म्हणाल्या, "बाई, सायेब हितंच हायेत. त्यांना सांगा. चुकून झालंय म्हनावं. परत घ्या म्हनावं."

बाईंनी तो कागद म्हातारीच्या हातातून घेतला आणि सरळ धरला.

"सांगा की वं बाई!"

"नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाई हळू आवाजात बोलत होत्या, पण बोलणं नेहमीसारखंच तोडून. "उभीवाल्या बायकांपैकी कुणी कागद आडवा धरून चुकून आपल्याला मत दिलं असेल, ते परत करणार आहोत का? आठ बायका आडवीच्या चुकल्या, तिकडच्या किती चुकल्या ते कोण सांगणार? त्या काही आपल्याला येऊन सांगायच्या नाहीत. चुकीचा का असेना, कौल लागलाय. वर्षाने परत मागता येतं. वर्षाने मागू."

"वर्स?" मावशी म्हणाल्या.

मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले, इतकी मी चिडले होते. "बाई, चुकलेलं गणित तुम्ही मुलांना खोडू देता!"

"पेपर दिल्यावर नाही देत," त्या म्हणाल्या.

या उत्तराचा मला तेव्हा जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही. चूक त्यांची, शिकवणी त्यांची, आणि तत्त्वही त्यांचंच. किंमत मोजणार होत्या दुसऱ्याच.

बायका शाळेतून निघाल्या त्या घरी गेल्या नाहीत. थेट चौकाकडे. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण वाटेतले दगड आपोआप हातात आले. मीही त्यांच्यात होते. दुकान एकदा फुटलं की परवाना, पंचनामा, दुरुस्ती यात दोन-चार महिने सहज जातील, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला अगदी पटलं. तेवढ्या वेळात मावशींना मुलाला आत्याकडे पाठवता आलं असतं.

चौकात पोचलो तर दुकानाच्या दारात बाई. त्या कुठल्या बोळातून, कशा आमच्या आधी पोचल्या देव जाणे. मागे दुकानवाला हसत उभा होता. त्याने एक खुर्ची बाहेर आणली आणि म्हणाला, "बसा बाई, तुम्ही आज आमच्या हाय."

"खुर्ची आत न्या," बाई मागे न बघता म्हणाल्या. "मी तुमची नाही. तुम्हाला पडलेल्या मतांची आहे."

शेवंतामावशी पुढे होत्या. हातात चांगला विटेएवढा दगड. आतल्या शेडमध्ये त्यांचा दादा बसलेला आम्हाला सगळ्यांना दिसत होता, आणि त्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात.

"बाई, सरका."

"शेवंता, आज तू हे फोडलंस, तर पुढच्या साली आपण जिंकल्यावर हे लोक मतपेटी फोडतील. मग कुठल्या तोंडाने आडवी येशील?"

"म्होरच्या सालचं म्या आज काय करू?" मावशी ओरडल्या. "माझं पोरगं आज आत हाय!"

"मुलाला घेऊन जा. त्याला मी अडवत नाही." बाई एका अंगाने बाजूला झाल्या, एक माणूस जाईल एवढीच जागा करून.

मावशींनी दगड खाली ठेवला, फेकला नाही. आत जाऊन मुलाचा दंड धरला. तो हात झटकून म्हणाला, "आये, जा की गं, लाज आनतीस." शेडमधली माणसं हसली. मावशी एकट्याच बाहेर आल्या आणि बाईंकडे न बघता निघून गेल्या. मग एकेक दगड खाली पडला.

त्यानंतर दोन महिने झाले असतील नसतील, मी चौथीला भूगोल शिकवत होते आणि खिडकीबाहेर यंत्राची घरघर ऐकू आली. मुलं उठून खिडकीशी गेली. पिवळं यंत्र शेवंतामावशींच्या शेतात घुसलं होतं आणि उभा ऊस आडवा करत चाललं होतं. दादाने सही केली होती, त्याच शेडमध्ये, त्याच टेबलावर. पुढे कागदोपत्री सगळं पक्कं निघालं. बाई वकिलाकडे गेल्या, कचेरीत गेल्या, मोठमोठ्या साहेबांशी भांडल्या. मावशी एकदाही त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत.

मावशींनी नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? घंटा देत, पाणी भरत, चहा करत. पण बाईंशी त्यांचं बोलणं बंद झालं ते झालंच. बाईंचा चहा त्या माझ्या टेबलावर ठेवत आणि मी तो पुढे सरकवत असे. बाईंनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी एकदा विचारलं, "तुम्ही त्यांची समजूत का काढत नाही?" तर म्हणाल्या, "तिची समजूत बरोबर आहे. काय काढू?"

त्या वर्षात बाई म्हाताऱ्या झाल्या. वर्गातली मतदानं कमी झाली. मात्र रोज संध्याकाळी त्या घरोघर जात, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी ओट्यावर बसत आणि कागद हातात देऊन विचारत, "कसा धरणार?" धोंडाबाई तर झोपेतून उठवलं तरी कागद सरळ धरायला लागल्या. त्यांनी बाईंना म्हटलं, "बाई, मरताना सरनावर बी सरळच ठिवा मला." बाईंना हसू आलं नाही.

वर्ष झालं. पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या, पुन्हा शाळेत मतपेटी. या वेळी निकाल वाचताना साहेबांना थांबा म्हणावं लागलं नाही. बाटली चांगलीच आडवी झाली होती. निम्म्याच्या कितीतरी पुढे.

आणि दुसऱ्या दिवशी चौकात गाव जमलं. दुकानवाल्याच्या बाजूने त्याचा चुलतभाऊ बोलायला उभा राहिला, गावातला बोलका माणूस. "हे कसलं मतदान? निम्मं गाव म्हंजी बाप्ये, त्यांचं मत कुटं हाय? बाया फितवल्यात. घराघरात भांडनं लावली ह्या मतदानानं. आमी न्हाय मानत. दुकान उद्या उघडनार, कोन येतंय आडवाया ते बगू." बरीच पुरुष मंडळी माना डोलवत होती. पोलीसपाटील जमिनीकडे बघत होता. मला स्पष्ट दिसत होतं की हे आता हाताबाहेर जाणार.

बाई पुढे व्हायला निघाल्या. त्यांच्या आधी शेवंतामावशी उठल्या. चौकात त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पदर खोचलेला, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

"गेल्या साली आमी हारलो. चुकून हारलो, समद्या गावाला ठावं हाय. ह्याच दारात म्या दगूड घिऊन उभी व्हते. ठिवला का न्हाय खाली? मानला का न्हाय तुमचा कौल? माझं शेत गेलं त्या वर्साला. तरी मानला. आता तुमी माना."

सगळ्यांनी तो दगड खाली ठेवताना बघितला होता, आणि शेताच्या जागी उभे राहिलेले खांब तर रोजच बघत होते. बोलका चुलतभाऊ खाली बसला. पोलीसपाटलाने मान वर करून दुकानवाल्याला म्हटलं, "शटर वढ." शटर ओढलं गेलं, आणि पुन्हा उघडलं नाही.

बायकांनी कल्ला केला. कुणीतरी गुलाल आणला. मी रडत होते, कशासाठी ते मलाही नीट कळत नव्हतं. बाई गर्दीतून वाट काढत मावशींपाशी गेल्या. मी मागेच होते. वर्षभरात पहिल्यांदा त्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या.

बाईंनी काही प्रस्तावना केली नाही. सरळ विचारलं, "शेवंता, त्या दिवशी तू दगड मारायला हवा होतास का?"

"व्हय."

"मी दारात होते तरी?"

"तुमाला लागला आसता तरी."

बाई म्हणाल्या, "आणि मग आज तुझं कुणी ऐकलं असतं का?"

मावशींनी बाईंच्या कपाळावर उडालेला गुलाल आपल्या पदराने पुसला, चुकून डोळ्यात जाऊ नये म्हणून.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "कुनीच न्हाय. पर बाई, शेत आसतं."